बोट ठेवून दाखवलेली जागा

त्या मुलीने मला तीन वेळा सांगितलं होतं.

पहिल्यांदा सांगितलं ते घुंगरू सोडताना. वर्ग संपला होता, बाकीच्या मुली चपला शोधत होत्या. ती भिंतीला टेकून बसली होती. डाव्या पायाच्या नडगीवर बोट ठेवून म्हणाली, "ताई, इथे दुखतंय." मी म्हणाले, "घरी गेल्यावर गरम पाण्यात पाय बुडवून बस." दुसऱ्यांदा सांगितलं ते आठ-दहा दिवसांनी, तालमीच्या मध्येच. तेव्हा मी म्हणाले, "नाचणाऱ्याचे पाय दुखणारच. माझेही दुखतात." तिसऱ्यांदा तिने मला जिन्यात एकटीला गाठलं. "ताई, आता चालतानाही दुखतं." कार्यक्रम तीन आठवड्यांवर आला होता. मी विचारलं, "तुला पुढच्या रांगेत राहायचंय ना?" तिने मान डोलावली. त्यानंतर तिने पायाचा विषय काढला नाही आणि मी समजले, दुखायचं थांबलं.

हे सगळ्यात आधी लिहायचं कारण असं की पुढे कित्येक दिवस मी ही हकिगत लोकांना सांगताना त्या रविवारपासून सुरू करायचे. मुलगी पडली, तिला दवाखान्यात नेलं, वगैरे. अशी सांगितली की तो अपघात वाटतो.

मी कथक शिकवते. लग्न होऊन चिंचवडला आले त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक हॉल आहे. तिथे सोसायटीच्या सभा होतात, हळदीकुंकू होतं, कुणाचं बारसं असतं, आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी माझा वर्ग भरतो. हॉलला पांढरी गुळगुळीत फरशी, खाली सिमेंट काँक्रीट. ती फरशी मला फार आवडायची. ततकार, म्हणजे तळपाय जमिनीवर सपाट आपटत तालात केलेलं पायांचं काम, आमच्या नाचात सगळ्यात आधी शिकवतात आणि शेवटपर्यंत ते करावं लागतं. त्या फरशीवर ततकाराचा आवाज खणखणीत यायचा. पंचवीस मुली एकदम समेवर आल्या की खिडक्यांची तावदानं थरथरायची. तो दणका पायांतून वर कुठवर जात असेल, हा विचार माझ्या मनात कधी आला नाही.

येणार तरी कसा. मी पुण्यात जिथे शिकले तिथे दुखण्याबद्दल बोलण्याची पद्धतच नव्हती. पाय सुजला तर पट्टी गुंडाळून उभं राहायचं. एकदा माझा घोटा मुरगळला होता आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा माझ्या गुरू म्हणाल्या, "पाय रडतोय की तू रडतेयस?" सगळ्या हसल्या. मीही हसले आणि नाचले. पुढे मी स्वतः शिकवायला लागले तेव्हा दर वर्षी नव्या मुलींना ही गोष्ट रंगवून सांगायचे. मला त्या आठवणीचा अभिमान होता.

ती मुलगी दापोडीहून यायची. नववीत होती. शाळा सुटली की परस्पर लोकल पकडून चिंचवड स्टेशनला उतरायची आणि तिथून चालत हॉलवर. वडील चाकणच्या एका कंपनीत, जिथे मोठ्या प्रेसवर पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढतात त्या विभागात सुपरवायझर. आई एका शाळेत कारकून. आजोबांपासून कारखान्यात काम करणारं घर, आणि त्या घरात नाच शिकणारी ही पहिलीच. अंगाने बारीक, बोलायला कमी, पण लय अशी पक्की की मी तिला बघून बाकीच्यांना शिकवायचे. त्या वर्षी नाट्यगृहात आमच्या वर्गाचा कार्यक्रम ठरला आणि मी तिला पुढच्या रांगेत मधोमध उभं केलं. तीन दिवसांचा वर्ग रोजचा केला. दीड तासाची तालीम तीन तासांवर गेली. हे सगळं एका आठवड्यात केलं. मुली उत्साहात होत्या, मीही होते.

रविवारी सकाळी दहाला तालीम होती. शेवटच्या तुकड्यात नऊ चकरा घेऊन डाव्या पायावर सम घ्यायची असते. तिने नऊ चकरा घेतल्या, सम घेतली आणि खाली बसली. पडली असं म्हणता येणार नाही, बसलीच. मी टाळी वाजवून म्हणाले, "ऊठ, उठून परत घे. शेवटचं एकदा." ती दोन्ही हात फरशीवर टेकून उठायला गेली. अर्धी उठली आणि तिच्या तोंडून जो आवाज आला तो ऐकून मी मोबाइलवर लावलेली लेहऱ्याची धून बंद केली.

तिचे वडील त्या रविवारी ओव्हरटाइमला गेले होते. चाकणहून यायला त्यांना वेळ लागणार होता. आई दापोडीहून रिक्षाने थेट दवाखान्यात आली. एक्स-रे झाला. डॉक्टरांनी तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला. म्हणाले, "हाड मोडलंय, पण जागचं हललेलं नाही, त्यामुळे ऑपरेशन लागणार नाही. प्लास्टर घालू." मग त्यांनी त्या काळ्या फिल्मवर नखाने एक जागा दाखवली. "पण हे आजचं नाही. इथे आधीच बारीक चीर होती. हाड ती भरून काढायचा प्रयत्न करत होतं, तेवढ्यात वर मार बसत राहिला." मग ते मुलीकडे वळले. "किती दिवस दुखत होतं, बाळ?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. आई तिच्या उशाशी उभी होती, मी पायाशी.

"आजच दुखलं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. मी काही बोलले नाही. बोलण्यासाठी एक वाक्य पुरलं असतं, आणि ते वाक्य माझ्या तोंडात तयारही होतं. पण डॉक्टर कागदावर लिहू लागले, आई मुलीच्या कपाळावरचे केस मागे सारायला लागली, आणि ती वेळ निघून गेली. नंतर मी मनाशी म्हणाले, आता सांगून काय होणार, उपचार तर तेच.

कार्यक्रम ठरल्या दिवशी झाला. मधली जागा मी दुसऱ्या मुलीला दिली. टाळ्या मिळाल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी तिच्या वडिलांचा फोन आला. "मॅडम, मला तुमचा हॉल बघायचाय. आज सेकंड शिफ्ट आहे, दुपारपर्यंत मोकळा आहे." मला वाटलं, भांडायला येणार. घरी नवऱ्याला म्हणाले, "तू थांब जरा." मग वाटलं, हे बरोबर दिसत नाही, आणि त्याला कामावर जाऊ दिलं.

ते आले. चाळिशीचे, अंगावर कंपनीचा राखाडी शर्ट, खांद्याला डब्याची पिशवी. दाराशी बूट काढले आणि मोजे काढून अनवाणी हॉलभर हळूहळू चालले. एका ठिकाणी उकिडवे बसले आणि बोटांच्या पेरांनी फरशी ठोकली. मग पिशवीतून छोटी डायरी काढली.

"मुली अनवाणीच नाचतात?"

"हो. कथक अनवाणीच करतात."

"रोज किती वेळ?"

मी सांगितलं. आधी किती होता आणि मग किती केला, तेही सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. घुंगरांचं वजन विचारलं. मध्ये विश्रांती किती देता, नाचायच्या आधी अंग मोकळं करून घेता का, मुली जेवून येतात का. प्रत्येक प्रश्न त्यांनी एकाच सुरात विचारला. मला एखाद्या परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं आणि बहुतेक उत्तरं मला येत नव्हती. "कधी मोजलं नाही," "कधी विचारलं नाही," असंच मी म्हणत राहिले.

मग त्यांनी विचारलं, "तिने आधी काही सांगितलं होतं का?"

नाही म्हणणं सोपं होतं. मुलीने डॉक्टरांपुढे स्वतःच माझी सुटका करून ठेवली होती. मी फरशीकडे बघत म्हणाले, "हो. तीन वेळा."

त्यांचं पेन थांबलं. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता.

"माझे वडील भोसरीला एका छोट्या वर्कशॉपमध्ये प्रेसवर होते," ते म्हणाले. "दोन बोटं गेली त्यांची. मी तेव्हा सातवीत होतो. मालकाने सांगितलं, माणसाचं लक्ष नव्हतं. वडिलांनी ते मान्य केलं. घरीसुद्धा आम्ही तेच म्हणायचो. आई कधी चिडली की म्हणायची, तुमचं लक्ष कुठं होतं. वडील गप्प बसायचे. मी चाकणला लागलो तेव्हा ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी दाखवलं, की प्रेसला पुढे एक जाळी असते. हात आत असला की मशीन चालूच होत नाही. त्या वर्कशॉपच्या मशीनला ती जाळीच नव्हती. वडिलांना हे सांगायला हवं होतं. तोपर्यंत ते गेले होते."

त्यांनी डायरीचं पान उलटलं.

"म्हणून आमच्याकडे कुणाला लागलं तर कुणी केलं हे विचारत नाहीत. कसं झालं हे विचारतात. माणसाचं नाव लिहिलं की चौकशी तिथंच संपते, मशीन तशीच राहते."

"म्हणजे तुम्ही मला दोष देत नाही?" मी विचारलं. विचारताना माझा आवाज मलाच आवडला नाही.

"तसं कुठं म्हणालो मी?" त्यांनी डायरी मिटली. "राग आलाय मला, मॅडम. फार आलाय. म्हणून तर हातात डायरी घेऊन आलो. रिकाम्या हाताने आलो असतो तर भलतंच काही बोलून बसलो असतो." जाताना बूट घालत म्हणाले, "तिला एकदा भेटून जा. घरी तुमच्याविषयी ती अवाक्षर काढत नाही."

मी पुढच्या शनिवारी दुपारी दापोडीला गेले. स्टेशनच्या पलीकडे, रुळांना लागून गल्ल्या आहेत, त्यातल्या एकीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. स्वच्छ, लहानसं. टीव्हीच्या वर फळीवर बुद्धमूर्ती आणि तिच्या शेजारी मुलीला परीक्षेत मिळालेलं नाचाचं प्रमाणपत्र फ्रेम करून ठेवलेलं. गाडी गेली की मांडणीतले स्टीलचे पेले वाजायचे. मुलगी पलंगावर बसून होती. मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टर. मैत्रिणींनी त्यावर पेनने काही काही लिहिलं होतं.

तिच्या आईने मला पाणी दिलं, चहा टाकला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

मी मुलीला विचारलं, "डॉक्टरांना तू आजच दुखलं असं का सांगितलंस?"

तिने प्लास्टरवरचं एक नाव नखाने खरवडलं. "खरं सांगितलं असतं तर तुम्ही परत घेतलं नसतं."

"असं कसं वाटलं तुला?"

"गेल्या वर्षी घोटा मुरगळला म्हणून तुम्ही त्या ताईला मागच्या रांगेत टाकलं होतं ना. मग ती परत पुढे आलीच नाही. आता तर वर्गालाही येत नाही."

ते खरं होतं. त्या मुलीला मी मागे टाकलं होतं, कारण तिला आराम पडावा. निदान मी तसं समजत होते. ती बरी झाल्यावर तिला पुन्हा पुढे घ्यायचं मात्र मी विसरले होते. वर्गातल्या प्रत्येक मुलीने ते पाहिलं होतं आणि त्यातून जे शिकायचं ते शिकून घेतलं होतं. दुखतंय म्हटलं की जागा जाते. हे मी कधी शिकवलं नव्हतं आणि तरी सगळ्या शिकल्या होत्या.

"माझं चुकलं," मी तिला म्हणाले. "तू मला तीनदा सांगितलंस आणि मी ऐकलं नाही. डॉक्टरांसमोर मी बोलायला हवं होतं, तेही बोलले नाही."

मुलगी प्लास्टरवरचं नाव खरवडत राहिली. बोलली ती तिची आई, दारातूनच, आवाज न चढवता.

"हे म्हणतात, कुणी केलं असं विचारायचं नाही. कंपनीत ते बरोबर असेल. मी आई आहे, मी विचारणार. तिने तुम्हाला तीन वेळा सांगितलं. मला एकदाही नाही सांगितलं. तुम्हाला सांगितलं म्हणजे झालं, असं तिला वाटलं. पोरगी घरात लंगडत होती तर मी विचारलं, काय झालं गं. म्हणाली, ताईंना माहितीये."

चहा उतू जायला लागला म्हणून ती आत वळली. मी तो चहा प्यायले. तिने कपबशी उचलून नेली तेव्हा मी पुन्हा एकदा माफी मागितली. ती म्हणाली, "बरं." त्या बरंमध्ये काहीच मिटलेलं नव्हतं, आणि ते ऐकत परत येताना गाडीत मला वाटलं की नवरा-बायको दोघंही आपापल्या ठिकाणी बरोबर आहेत. वडिलांच्या प्रश्नांनी माझा वर्ग बदलणार होता. आईच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर एकच होतं, आणि ते माझं देऊन झालं होतं.

प्लास्टर निघालं तेव्हा पाय काठीसारखा झाला होता. डॉक्टरांनी पिंपरीतल्या एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. वडिलांनी मला बोलावून घेतलं, "नाचात पाय नक्की काय करतो ते तुम्हीच त्यांना दाखवा. मला सांगता येत नाही." त्या बाई वयाने माझ्याहून बऱ्याच लहान होत्या. मी त्यांच्यासमोर ततकार करून दाखवला, चकरा घेऊन दाखवल्या. त्या माझ्या चेहऱ्याकडे न बघता पायांकडे बघत होत्या. मी थांबल्यावर म्हणाल्या, "तुमचा उजवा गुडघा कधीपासून दुखतोय?"

मी त्याबद्दल कुणालाच सांगितलं नव्हतं. "चार-पाच वर्षं झाली असतील," मी म्हणाले.

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं.

बाईंनी तिला बरेच प्रश्न विचारले. शेवटी खाण्याचा विषय निघाला. शाळेचा डबा दुपारी बाराला, मग वर्गाला येताना स्टेशनवर चहा-बिस्किट, आणि थेट रात्री घरी गेल्यावर जेवण. त्यातही अर्धी पोळी ताटात ठेवायची, कारण कार्यक्रमात बारीक दिसायला हवं. "तुला कुणी बारीक हो म्हणालं का?" बाईंनी विचारलं. ती म्हणाली, मला नाही. मला आठवलं, तिच्या शेजारच्या मुलीला मी सगळ्यांसमोर गमतीने म्हणाले होते, की चकरा घ्यायच्या तर थोडं कमी खावं लागेल. पोटात अन्न नाही आणि वर चौपट काम, मग हाड कशातून भरून यायचं, असं बाई म्हणाल्या. रक्त तपासलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या दिवसापासून तिची आई शाळेच्या डब्याबरोबर वर्गाचा दुसरा डबा देऊ लागली. मुलगी तेव्हा वर्गाला येत नव्हती, तरी आई देत होती. शाळा सुटल्यावर खायचा.

त्याच दिवशी बाईंनी मला एक साधी खूण सांगितली. "मूल दुखतंय म्हणालं की त्याला कुठे ते दाखवायला सांगा. सगळ्या पोटरीवरून तळवा फिरवला तर बहुतेक वेळा स्नायू दमलेला असतो, दोन दिवस सबुरीने घ्या. पण एकाच जागी एक बोट ठेवलं आणि दुसऱ्या दिवशीही तिथंच ठेवलं, तर नाच बंद करा आणि हाडाच्या डॉक्टरांकडे पाठवा."

मी मान हलवली आणि वही काढून लिहून घेतलं. तिने मला पहिल्याच दिवशी एक बोट ठेवून दाखवलं होतं.

वर्गातले बदल एकदम झाले नाहीत. सगळ्यात आधी फरशी. सोसायटीच्या कमिटीने हॉलची फरशी फोडायला साफ नकार दिला, आणि त्यांचंही बरोबर होतं. तिच्या वडिलांनी मार्ग काढला. निघोज्याला त्यांच्या ओळखीचा एक माणूस कंपन्यांना माल पाठवायची लाकडी खोकी बनवतो. त्याच्याकडून त्यांनी चार-चार फुटांचे प्लायवूडचे चौकोन करून घेतले. खाली लाकडी पट्ट्या, पट्ट्यांखाली जाड रबराचे तुकडे. वर्गाच्या आधी मुलींनी ते हॉलभर जोडून मांडायचे आणि वर्ग संपला की जिन्याखाली रचून ठेवायचे. पहिल्या दिवशी त्यावर ततकार केला तर आवाज बसका आला, जणू कुणी शेजारच्या खोलीत नाचतंय. मला तो अजूनही पूर्ण आवडलेला नाही. पण पहिल्या आठवड्यानंतर मी सकाळी जिना उतरले तेव्हा कठडा धरला नव्हता, हे मला खाली पोचल्यावर लक्षात आलं.

मग वेळ. कार्यक्रम असो नसो, तालीम एका आठवड्यात थोडीच वाढवायची, पुढच्या आठवड्यात आणखी थोडी. मध्ये एक दिवस पूर्ण सुट्टी. नाचाआधी दहा मिनिटं अंग मोकळं करायचं. यावर काही पालक माझ्यावर नाराज झाले. एक आई म्हणाली, "आमची मुलगी नाच शिकायला येते, पीटी करायला नाही." दोन मुली दुसऱ्या वर्गाला गेल्या.

आणि दाराशी टांगलेली वही. ही कल्पना वडिलांची. त्यांच्या कंपनीत अशी वही असते. लागलं नसलं तरी लागता लागता वाचलो, हे त्यात लिहायचं. आमच्या वहीत जिला कुठे दुखतं तिने स्वतः लिहायचं, तारीख घालून. पहिल्या पानावर मी नियम लिहिला, की वहीत नाव आलं म्हणून कुणाची जागा जाणार नाही. बरी झाली की ती तिच्याच जागेवर परत येईल. एक महिना वही कोरी होती. एवढ्या मुलींपैकी एकीलाही कुठेच दुखत नव्हतं. मी वडिलांना फोन करून सांगितलं तर ते म्हणाले, "आमच्याकडे पण असंच झालं होतं. मॅनेजरने स्वतःचं लिहिल्याशिवाय कुणी लिहिलं नाही."

दुसऱ्या दिवशी मी मुलींसमोर वही काढली आणि लिहिलं, उजवा गुडघा, जिना उतरताना, चार-पाच वर्षं. मोठ्याने वाचून दाखवलं. कुणी हसलं नाही. त्या आठवड्यात सहा नावं आली. त्यात एक बोट ठेवून दाखवणारी होती, आठवीतली. तिला आम्ही लगेच पाठवलं. चीर नव्हती, नुसती सूज होती. तीन आठवडे तिने बसून हातांचं आणि अभिनयाचं काम केलं आणि मग तिच्या जागेवर उभी राहिली.

दापोडीची मुलगी वर्गात परत आली ते सात महिन्यांनी. त्याआधी बाईंनी तिला कितीतरी दिवस नुसतं एका पायावर उभं राहायला, टाचा उचलायला, पायरी चढायला लावलं होतं. या काळात ती दोनदा म्हणाली होती की मला आता नाचायचंच नाही. मी तिला समजवायला गेले नाही. वडील म्हणाले, नको तर नको. महिनाभराने ती स्वतःच म्हणाली, चला. पहिल्या दिवशी परवानगी दहा मिनिटांची होती, तीही घुंगरांशिवाय, अर्ध्या लयीत. मी हाताने ताल धरला. तिचे पाय घाबरलेले होते. डावा पाय खाली यायच्या आधी हवेत क्षणभर अडखळायचा. सहाव्या-सातव्या मिनिटाला ती थांबली आणि म्हणाली, "ताई, बास."

"कुठे दुखलं?"

"दुखलं नाही. भीती वाटली."

"मग बास," मी म्हणाले. आम्ही दोघी प्लायवूडवर बसून तिचा दुसरा डबा खाल्ला. थालीपीठ होतं.

आता ती बारावीत आहे. नाचते, पण कार्यक्रमात पूर्वीसारखी मधोमध नसते. तिने स्वतःच बाजूची जागा मागून घेतली. नऊ चकरा घेऊन डाव्या पायावर येणारा तो तुकडा तिने पुन्हा केला नाही, मीही विचारलं नाही. थंडीत पाय कधी कधी ठणकतो, तेव्हा वहीत लिहिते. माझा उजवा गुडघा पूर्ण बरा व्हायचा नाही, असं बाईंनी मला सांगितलं आहे. आता मी उभी राहून कमी आणि बसून जास्त शिकवते. काही वेळा वाटतं, एवढी वर्षं शिकवलेल्या मुलींपैकी कितीजणींचे पाय असेच कुठे कुठे दुखत असतील, आणि त्या आपापल्या घरी, कचेऱ्यांत, हे नाचामुळे असणारच असं म्हणून गप्प बसल्या असतील. त्यातल्या दोघी-तिघींना मी फोन केले. एकीने उचलला आणि थोडं हसून म्हणाली, "ताई, आता आठवण झाली होय तुम्हाला?"

मुलीचे वडील वर्षातून एकदा येऊन प्लायवूडखालची रबरं तपासतात. आई हॉलवर येत नाही. कार्यक्रमाला येते, मागच्या रांगेत बसते आणि मुलीला घेऊन निघून जाते. समोरासमोर आलो तर मान लववते. मी कधी जास्त बोलायचा प्रयत्न केला नाही.

गेल्या महिन्यात एका दुपारी आईचा फोन आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने स्वतःहून केलेला.

"ती आज वर्गाला येणार नाही," ती म्हणाली. "पाय ठीक आहे. उद्या प्रॅक्टिकलची परीक्षा आहे. तुम्हाला वाटेल पाय दुखतोय, म्हणून सांगितलं."

"बरं झालं सांगितलंत," मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "ठेवते."

त्या फोनवर आम्ही दोघी इतकंच बोललो. मी वर्गाला गेले आणि मुलीची जागा तशीच रिकामी ठेवून तालीम घेतली.